टांझानाइट : एका खड्यात तीन रंग

मंडळी, जांभळट निळ्या झाकीचा टांझानाइट पाहिला की पहिला प्रश्न हमखास येतो, 'हा नीलमच ना?' नाही. नीलम हे कुरुंद या खनिजाचं रूप, टांझानाइट हे झोइसाइटचं. रंग जवळचा, पण नातं काही नाही.

हा खडा सापडतो कुठे? व्यापारी प्रमाणावर तो जगात एकाच ठिकाणी निघतो : उत्तर टांझानियात, किलिमांजारो पर्वताजवळच्या मेरेलानी टेकड्यांत. १९६७ साली तो उजेडात आला. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या टिफनी कंपनीने त्याला त्या देशावरून नाव दिलं आणि बाजारात आणलं.

आता त्याची खरी गंमत बघा. कच्चा स्फटिक हातात घेऊन फिरवला, तर एका दिशेने निळा दिसतो, दुसऱ्या दिशेने जांभळा, तिसरीकडून तपकिरी-लालसर. व्हॅनेडियम या मूलद्रव्याच्या अंशामुळे हा रंग येतो. बाजारातले बहुतेक खडे साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअसला तापवलेले असतात. त्याने तपकिरी छटा जाते, निळा-जांभळा उरतो, आणि तो रंग टिकतो. म्हणजे तापवणं ही फसवणूक नव्हे, विक्रेत्याने ते सांगायला मात्र हवं.

पैलू पाडणाऱ्यापुढे इथे एक पेच असतो. निळी बाजू वर आणायची तर बहुधा जास्त दगड कापून टाकावा लागतो, जांभळी ठेवली तर वजन वाचतं. म्हणून गडद निळ्याला भाव अधिक. जयपूरच्या कारागिरांच्या हातून हा खडा मोठ्या प्रमाणावर जातो.

मग अंगठीत घालावा का? इथे थांबून विचार करा. कठीणपणाच्या मोस श्रेणीत नीलम ९, गारगोटी ७ आणि टांझानाइट साडेसहाच्या आसपास. घरातल्या धुळीतही गारगोटीचे कण असतात, त्यामुळे रोजच्या वापरात पैलू झिजतात. शिवाय स्फटिक एका ठरावीक पातळीत सहज दुभंगतो. ओट्याच्या कडेवर एक टोला पुरे!

तेव्हा कानातले किंवा लोलक करा. अंगठीच हवी असेल तर खड्याच्या कडा झाकणारं कोंदण घ्या आणि ती समारंभापुरती वापरा. धुवायला कोमट पाणी, सौम्य साबण. वाफेचं किंवा अल्ट्रासॉनिक यंत्र नको. आणि विकत घेण्याआधी खडा दिव्याखाली आणि खिडकीच्या उजेडात, दोन्हीकडे फिरवून बघा. दोन्ही ठिकाणी आवडला, तरच घ्या.