अमेरिकेतील ख्रिस्ती घरशाळा

मूल शाळेत येईनासे झाले की आपल्याकडे गुरुजी त्याच्या घरी चौकशीला जातात. कारण बहुधा परिस्थितीचे निघते. शेतात काम आहे, धाकटे भावंड सांभाळायचे आहे, नाही तर बिऱ्हाड ऊसतोडीला निघाले आहे. अमेरिकेत मात्र असे लाखो पालक आहेत की, ज्यांच्या गावात सरकारी शाळा आहे, तिला फी नाही, तरीही ते मुलांना तीत घालीत नाहीत. आई घरातच टेबलावर पुस्तके मांडते आणि गणित, इतिहास, बायबल स्वतः शिकवते. याला तिकडे ‘होमस्कूलिंग’ म्हणतात. आपण ‘घरशाळा’ म्हणू. अशा घरशाळा चालविणारे सगळेच काही धार्मिक नव्हेत. पण ही चळवळ वाढली आणि कायद्यात पक्की झाली, ती मुख्यतः ख्रिस्ती श्रद्धा आणि राजकीय विचार यांच्या बळावर. ते कसे, हे पाहण्याजोगे आहे.

गंमत अशी की, या चळवळीचे बी दोन निरनिराळ्या वाफ्यांत पडले. जॉन होल्ट हे स्वतः शिक्षक. मुले शाळेत का मागे पडतात, यावर १९६४ साली त्यांनी पुस्तक लिहिले. परीक्षेच्या धाकाने मुलाची जिज्ञासाच मरते, असे त्यांचे म्हणणे. पुढे १९७७ साली त्यांनी घरी शिकविणाऱ्यांसाठी एक नियतकालिक काढले. त्यांच्या विचारात धर्माचा आग्रह नव्हता.

दुसरा विचार रूसास जॉन रशडूनी या धर्मपंडितांचा. समाजाचा कायदा बायबलवरच उभा असला पाहिजे, असे ते मानीत. मुलाचे शिक्षण देवाने कुटुंबाकडे सोपविले आहे, सरकारकडे नव्हे. सरकारी शाळा म्हणजे सरकारचा स्वतःचा एक धर्मच होय, अशी टीका त्यांनी १९६३ सालच्या आपल्या ग्रंथात केली.

त्याच सुमारास देशात एक मोठा वाद पेटला होता. सरकारी शाळेत सरकारने ठरविलेली प्रार्थना म्हणवून घेणे घटनेला धरून नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली दिला. १९६३ साली शाळेतर्फे होणाऱ्या बायबलवाचनाबाबतही तसाच निकाल झाला. मुलाने आपल्या मनाने प्रार्थना करायला कोणाचीच बंदी नव्हती. पण अनेक श्रद्धाळू घरांत निकालाचा अर्थ लागला तो असा : ‘यांनी देवालाच शाळेबाहेर काढले!’ मग उत्क्रांतीचा धडा आला, लैंगिक शिक्षण आले, आणि धास्ती वाढत गेली.

या धास्तीला संघटनेचे रूप आले ते १९८३ साली. मायकेल फॅरिस आणि माइक स्मिथ या वकिलांनी ‘होम स्कूल लीगल डिफेन्स असोसिएशन’ स्थापन केली. त्या काळी मुले शाळेत घातली नाहीत म्हणून कित्येक राज्यांत पालकांवर खटले होत. संस्था वर्गणीदार पालकांसाठी कोर्टात लढे, कायदेमंडळात खटपट करी. १९९३ पर्यंत पन्नासही राज्यांत घरशाळा कायदेशीर झाली. १९९४ साली शिक्षकांच्या पात्रतेसंबंधी एक कलम संसदेपुढे आले. ते आपल्यालाही लागू होईल, या भीतीने पालकांनी फोनचा असा भडिमार केला की ते कलम गळाले. विखुरलेली घरे एकदम बोलली, तर सरकारला ऐकावे लागते, हे त्या दिवशी दिसले. पुढे २००० साली फॅरिस यांनी व्हर्जिनियात पॅट्रिक हेन्री कॉलेज काढले. घरी शिकलेल्या ख्रिस्ती मुलांनी राज्यकारभारात शिरावे, हा त्यामागचा उघड हेतू.

आता तुम्ही म्हणाल, आईबापांनी आपल्या मुलांना आपला धर्म शिकविला, तर त्यात वावगे काय? काहीच नाही. पुष्कळ आया मोठ्या कष्टाने शिकवितात आणि मुले हुशारही निघतात. प्रश्न वेगळा आहे. काही घरांत पृथ्वी अवघ्या काही हजार वर्षांपूर्वी निर्माण झाली, एवढेच विज्ञान शिकविले जाते. काही कट्टर गटांत मुलीने संसारापुरतेच शिकावे, असे सांगितले जाते. अशा मुलीने उद्या म्हटले, ‘मला डॉक्टर व्हायचे आहे,’ तर तिच्या हाती काय असेल?

शिवाय तिच्याकडे बाहेरचे कोण पाहणार? न्यूयॉर्क राज्यात पालकांना अभ्यासाची आखणी आणि तिमाही अहवाल द्यावे लागतात. टेक्सासमध्ये मुलाला प्रथमपासून घरीच शिकवायचे, तर सरकारला कळविण्याचीही सक्ती नाही. मूल उपाशी आहे, अंगावर वळ आहेत, हे वर्गात शिक्षकाच्या नजरेस पडते. घराचे दार बंद असेल, तर ही नजर पोचत नाही. म्हणूनच घरशाळेत वाढलेल्या काही तरुणांनी २०१३ साली ‘कोअलिशन फॉर रिस्पॉन्सिबल होम एज्युकेशन’ ही संस्था काढली. घरशाळा बंद करा, असे ते म्हणत नाहीत. मुलाकडे कोणाचे तरी लक्ष असू द्या, एवढेच त्यांचे मागणे.

या बाबतीत १९७२ सालचा एक खटला ध्यानात ठेवण्यासारखा आहे. आमिश नावाच्या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाचे लोक आठवीपुढे मुलांना शाळेत पाठवीनात. सर्वोच्च न्यायालयाने धर्मस्वातंत्र्य मानून पालकांच्या बाजूने निकाल दिला. पण न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी काही अंशी वेगळे मत नोंदविले : पालक बोलले, सरकार बोलले, मुलाला काय वाटते, हेही विचारले पाहिजे.

सगळ्या वादाचे मर्म इथेच आहे. आईबाप म्हणतात, देवाने मूल आमच्या हाती दिले. सरकार म्हणते, ते उद्याचा नागरिक आहे. दोघांचेही म्हणणे खरे. पण मूल हे त्याचे स्वतःचेही असते. शिकविणारे घर असो की शाळा, मोठेपणी आपली वाट आपण निवडण्याइतके ज्ञान मुलाच्या पदरात पडले की नाही, हीच त्या शिक्षणाची खरी परीक्षा.