आपले सिबिल आपण वाचावे

पूर्वी सावकाराजवळ एक वही असे. कोणी किती घेतले, किती फेडले, हे तीत लिहिलेले असे. कुळाला वाचता येत नसे. सावकार सांगेल ते देणे खरे! १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांचा राग अनावर झाला. त्यांनी सावकारांचे रोखे व वह्या हिसकावून घेतल्या आणि जाळल्या.

आजही अशी एक वही आहे. ती कागदाची नाही, संगणकात आहे. लोक तिला ‘सिबिल’ म्हणतात. बँकेत कर्ज मागायला गेले की साहेब ही वही उघडतो. मग आपल्याविषयी तीत काय लिहिले आहे, ते आपल्याला नको का कळायला?

सिबिल हे खरे म्हणजे एका कंपनीचे नाव. ती २००० साली मुंबईत निघाली. अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. चारींना रिझर्व्ह बँकेचा परवाना आहे. तुम्ही हप्त्यावर मोटारसायकल घेतली, घरासाठी कर्ज काढले, सोने तारण ठेवले, की बँक ते या कंपन्यांना कळवते. हप्ता वेळेवर भरला की चुकला, हेही कळवते. त्यावरून ३०० ते ९०० यांमध्ये गुण पडतात. साधारणपणे ७५० च्या वर गुण असले तर चांगले समजतात. हे गुण श्रीमंतीचे नव्हेत. लहान कर्ज नेमाने फेडणाऱ्या मजुराचे गुण बंगलेवाल्यापेक्षा जास्त असू शकतात.

ज्याने कधी कर्जच घेतले नाही, त्याला गुण नसतात. त्याने घाबरू नये. पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याला केवळ एवढ्या कारणाने परत पाठवू नका, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना सांगितले आहे.

जामिनाची गोष्ट मात्र नीट ध्यानात घ्या. समजा, मेव्हण्याने ट्रॅक्टर घेतला आणि तुम्ही जामीन राहिलात. मेव्हण्याने हप्ते थकवले. ते कर्ज तुमच्याही वहीत दिसते. तुम्ही एक पैसा घेतलेला नाही, तरी तुमचे गुण उतरू शकतात. गावात नात्याखातर सही करणारे पुष्कळ आहेत. कुठे कुठे सही केली, हे दहा वर्षांनी कोणाला आठवते? वही पाहिली म्हणजे आठवते!

आमच्या कर्जत-खालापूर भागात मे महिन्यात भातशेतीची तयारी सुरू होते. लोक पीक कर्जासाठी बँकेत जातात. पीक कर्जाला सिबिलचा आग्रह धरू नका, असे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मे २०२५ मध्ये बँकांच्या राज्यस्तरीय बैठकीत बजावले. तरी म्हैस, गाडी, घर यांसाठी कर्ज हवे तर वही पाहिली जातेच. म्हणून दहिवलीहून कर्जतला बँकेत खेटे घालण्याआधी आपण ती पाहावी, असे आमचे सांगणे आहे.

ती पाहायची कशी? १ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावा असा नियम आहे. ‘सीआयबीआयएल डॉट कॉम’ हा पत्ता फोनवर स्वतः टाइप करा. व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यावर बोट ठेवू नका. नाव, जन्मतारीख, पॅन, पिनकोड, मोबाइल नंबर एवढे विचारतात. पैसे भरायच्या योजनाही पुढे येतात. त्या सोडून द्या आणि फुकट अहवालच घ्या. फुकट अहवालासाठी एटीएमचा पिन किंवा कार्डाचा नंबर लागत नाही. कोणी मागितला तर ती जागा खोटी.

मोबाइलवर ओटीपी येतो. ओटीपी म्हणजे तुमचा अंगठा समजा. पूर्वी कोऱ्या कागदावर अंगठा घेत, तसा आता ओटीपी घेतात. तो कशासाठी आला आहे, ते संदेशात लिहिलेले असते. आधी ते वाचा. मग स्वतःच्या हाताने टाका. ‘दादा, जरा नंबर सांगा बरं’ असे फोनवर कोणी म्हणाला तर फोन ठेवून द्या. सेतू केंद्रात किंवा दुसऱ्याच्या संगणकावर पाहिले असेल, तर उठण्यापूर्वी आपले खाते बंद करा. स्वतःची वही स्वतः पाहिल्याने गुण कमी होत नाहीत. एकाच वेळी पाच ठिकाणी कर्ज मागितले तर होऊ शकतात.

अहवाल बहुधा इंग्रजीत येतो. घरातील शिकत्या मुलामुलीला शेजारी बसवा. आपण न घेतलेले कर्ज आहे का? फेडलेले कर्ज अजून चालू दिसते का? चूक दिसली तर बँकेचा बेबाकी दाखला काढा आणि त्याच कंपनीकडे तक्रार नोंदवा. तक्रारीला पैसे पडत नाहीत. ३० दिवसांत निकाल लागला पाहिजे. २६ एप्रिल २०२४ पासून, त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. तरीही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. माहितीसाठी १४४४८ हा फोन आहे.

‘दोन हजार द्या, सिबिल साफ करून देतो’ असे सांगणारे हल्ली फिरतात. खरी नोंद कोणालाही पुसता येत नाही. चुकीची नोंद तुम्ही स्वतः फुकट दुरुस्त करून घेऊ शकता. मग हे दोन हजार कशाचे? अशा कामात पैसे गेलेच, तर १९३० या नंबरावर लगेच कळवा.

अहवालाची छापील प्रत सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवा. तीवर तुमचा पॅन आणि जन्मतारीख असते, म्हणून ती दुसऱ्या कोणाकडे राहू देऊ नका.