लाटणाऱ्या हातांची मालकी

१५ मार्च १९५९. मुंबईत गिरगावातल्या लोहाणा निवासच्या गच्चीवर सात बायकांनी पापड लाटायला घेतले. भांडवल ८० रुपयांचे, तेही उसने. पहिल्या दिवशीचा माल चार पाकिटांचा आणि पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपयांची. २०२१ साली पद्मश्री मिळालेल्या जसवंतीबेन पोपट या सातजणींपैकीच एक. ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ची ही हकीकत आपल्याकडे जिद्दीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. पण जिद्दीच्या जोरावर फार तर चार पाकिटे खपतात. साठ वर्षे त्याच चवीचा पापड देणे हे निराळे काम आहे. अलीकडच्या वृत्तांनुसार या संस्थेच्या सभासद भगिनी ४५ हजारांच्या आसपास आहेत आणि उलाढाल १६०० कोटी रुपयांच्या घरात. एवढ्या घरांत लाटलेला पापड एकसारखा निघतो कसा? उत्तर शोधायचे तर यंत्रांपेक्षा माणसांच्या व्यवस्थेकडे पाहावे लागते.

कणीक घरोघर मळली जात नाही. शाखेत पहाटे उडदाचे पीठ, हिंग, मिरी यांचे प्रमाण ठरवून ती एकत्र मळतात. भगिनी ती वजन करून घरी नेतात, लाटतात, वाळवतात आणि दुसऱ्या दिवशी पापड शाखेत जमा करतात. तिथे तपासणी होते, वजन होते आणि वणाईचे, म्हणजे लाटण्याचे, पैसे हातावर पडतात. म्हणजे चवीचा निर्णय एका जागी होतो आणि हातांचे काम हजार जागी. सभासद होण्यासाठी जात, धर्म, शिक्षण आड येत नाही. मात्र घर स्वच्छ हवे आणि पापड वाळवायला जागा हवी. तशी जागा नसेल तर त्या बाईला परत पाठवत नाहीत. मळणे, तपासणे, पाकिटे भरणे यांपैकी एखादे काम तिला मिळते. शाखेची संचालिका भगिनींमधूनच येते, आणि नफा-तोटा सगळ्यांच्या वाट्याला येतो. पगारी नोकर आहेत, उदाहरणार्थ हिशेबनीस आणि गाड्यांचे चालक. पण ते सभासद नाहीत. पापडात खडा निघाला तर नुकसान कुणा दूरच्या मालकाचे होत नाही, लाटणारीचे स्वतःचे होते.

सुरुवातीला दोन प्रतींचे पापड करायचे आणि हलका माल स्वस्तात विकायचा, असे चालले होते. संस्थेचे मार्गदर्शक छगनलाल करमशी पारेख, म्हणजे छगनबापा, यांनी ते थांबवायला लावले. प्रत एकच आणि तीही उत्तम, असा त्यांचा आग्रह. देणगी घ्यायची नाही हेही तेव्हाच ठरले. पुढे १९६६ मध्ये संस्थेची नोंदणी झाली आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली. १९९९ मध्ये गिरगावात भगिनींसाठी साक्षरता वर्ग सुरू झाले. पापड लाटायला अक्षरओळख लागत नाही, हे खरे. पण मालकीण म्हणून हिशेब वाचायचा तर ती लागतेच.

माणसे नीट सांभाळली तर धंदा खरोखर वाढतो का, हा प्रश्न अभ्यासकांनी आकड्यांनिशी तपासला आहे. रटगर्स विद्यापीठाचे मार्क ह्युसेलिड यांनी १९९५ मध्ये जवळपास हजार अमेरिकी कंपन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काळजीपूर्वक निवड, प्रशिक्षण, कामगिरीशी जोडलेला मोबदला, कामगारांचे म्हणणे ऐकण्याची सोय अशा पद्धतींची पातळी एक प्रमाण विचलनाने वर गेली, की नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ७ टक्क्यांनी कमी आणि माणशी वार्षिक विक्री सुमारे २७ हजार डॉलरने जास्त आढळली. १९९७ मध्ये इश्निओव्स्की, शॉ आणि प्रेन्नुशी यांनी पोलाद कारखान्यांच्या ३६ उत्पादन रेषा तपासल्या. या पद्धती एकत्र राबवल्या तर उत्पादकता वाढते. एखादीच सुटी आणून बसवली तर जवळजवळ काहीच होत नाही, असे त्यांना दिसले.

पण कारण कुठले आणि परिणाम कुठला? नफा हाती असलेली कंपनी कामगारांवर खर्च करू शकते, म्हणून हे नाते उलट दिशेनेही जात असेल. ब्रिटनमधल्या ३६६ कंपन्यांवर डेव्हिड गेस्ट आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चांगल्या पद्धती आणि नफा यांची सांगड दिसली, मात्र आधीची कामगिरी हिशेबात घेतल्यावर पहिल्यामुळे दुसरे घडते असे सिद्ध झाले नाही. म्हणून ‘माणसे सांभाळा, नफा आपोआप येईल’ हे वाक्य भाषणात ठीक, हिशेबात नाही.

अन्नाच्या कारखान्यात मात्र हे नाते सरळ दिसते, कारण इथे कामगाराचे शरीरच मालाला लागते. २०११ च्या अन्नसुरक्षा परवाना नियमांच्या चौथ्या अनुसूचीप्रमाणे अन्न हाताळणाऱ्याची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी लागते, आतड्यांच्या आजारांवर लस द्यावी लागते, आणि जुलाब, उलट्या, कावीळ असलेल्याला अन्नापासून दूर ठेवावे लागते. दर २५ कामगारांमागे एक प्रशिक्षित अन्नसुरक्षा पर्यवेक्षक असावा, अशी अपेक्षा आहे. कागदावर सगळे चोख. पण रोजंदारीवरच्या कंत्राटी कामगाराला खाडा झाला की पैसे मिळत नाहीत. रात्री पोट बिघडलेला माणूस सकाळी ते सांगेल की पाळीला येऊन उभा राहील? बिनपगारी आजारपण ही मनुष्यबळ धोरणातली एक बारीक ओळ वाटते. अन्नाच्या कारखान्यात तोच रोगाचा दरवाजा असतो. तसेच साफसफाईचे. यंत्र धुण्याचे काम अनेक ठिकाणी सर्वांत कमी मजुरीच्या, महिन्या-महिन्याला बदलणाऱ्या माणसांकडे असते. माल कुठे अडकतो, कुठल्या सांध्यात पीठ साचते, हे नव्याला कोण सांगणार? जुना माणूस गेला की ते ज्ञानही गेले.

तपासणाऱ्याला तोंड उघडता येते का, हा तिसरा मुद्दा. अमेरिकेतल्या ‘पीनट कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका’ची कथा इथे आठवावी. तिच्या शेंगदाण्याच्या मालातून २००८-०९ मध्ये साल्मोनेला पसरला. ७१४ जण आजारी पडले, नऊ मृत्यू झाले. तपासणीचे निकाल हाती येण्याआधी माल रवाना होत होता आणि प्रमाणपत्रे खोटी होती. २००९ मध्येच कंपनी दिवाळखोरीत गेली, आणि २०१५ मध्ये तिच्या प्रमुखाला, स्टुअर्ट पार्नेल याला, २८ वर्षांची शिक्षा झाली. कंपनीच्या गुणवत्ता विभागाच्या व्यवस्थापिकेलाही तुरुंगवास झाला. प्रयोगशाळेतल्या उपकरणांची उणीव हे या प्रकरणाचे कारण नव्हते. ‘हा माल जाणार नाही’ म्हणणाऱ्याचे वजन मालाच्या विक्रीपेक्षा जास्त हवे, ते तिथे नव्हते.

लिज्जतही निर्दोष नाही. कामाच्या प्रमाणात मिळणारी वणाई जलद हातांना फळते. वय झालेल्या, आजारी पडलेल्या हातांना तेवढी नाही. काम घरात चालते, म्हणून चूल, मुले आणि पापड यांच्यातली सीमाही पुसट असते. हा साचा जसाच्या तसा बिस्किटाच्या किंवा दुधाच्या कारखान्यात बसणार नाही. तिथे अखंड चालणारी यंत्रे, शीतसाखळी आणि पाळ्या आहेत. घेण्याजोगे आहे ते तत्त्व: ज्याच्या हातून माल घडतो, त्याच्या कमाईत, शिक्षणात आणि आवाजात मालाची प्रत बांधलेली असते.

दिवाळीच्या तोंडावर फराळाच्या कारखान्यांत हंगामी माणसे भरती होतात. मालकांनी यंदा निदान तीन गोष्टी कराव्यात. पोट बिघडले तर पगार न कापता सुट्टी द्यावी. साफसफाईची माणसे दर महिन्याला बदलू नयेत. आणि संशयास्पद बॅच अडवण्याचा अधिकार तपासणाऱ्याला लेखी द्यावा. या तिन्हींचा खर्च बाजारातून एक बॅच परत बोलावण्याच्या खर्चापेक्षा कमीच पडेल.