ठसा की जबाब?

एमआरआयच्या नळीत एक माणूस उताणा पडलेला असतो. डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंनी उशा, भोवती यंत्राची सततची ठोकठोक आणि डोळ्यांसमोर एकामागून एक अनोळखी माणसांचे चेहरे, एकूण ४००. त्यांतले २०० त्याने तासाभरापूर्वी पाहिलेत, उरलेले २०० कोरे करकरीत. उत्तरं पाच: पाहिल्याचा प्रसंगच आठवतो, नक्की पाहिलाय, पाहिला असावा, नसावा, नक्की नाही. त्यांपैकी एक निवडून कळ दाबायची आणि पुढच्या चेहऱ्याकडे वळायचं. जेसी रिसमन, हेन्री ग्रीली आणि अँथनी वॅग्नर यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात केलेला हा प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. तिघांपैकी ग्रीली हे कायद्याचे प्राध्यापक, यावरूनच प्रयोगाचा रोख कळतो. ‘मी या माणसाला उभ्या जन्मात पाहिलेलं नाही’ असं आरोपी म्हणत असेल, तर त्याच्या मेंदूला विचारता येईल का?

मेंदू अर्थातच बोलत नाही. त्याचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे प्राणवायूने भरलेलं रक्त जास्त धावतं आणि त्याचा जोर चार-सहा सेकंदांनी दिसतो. यंत्र मोजतं ते एवढंच, तेही ज्यात लाखो पेशी मावतात अशा तीनेक मिलिमीटरच्या ठोकळ्यांत. मग संगणकाला शेकडो नमुने दाखवून शिकवायचं, की हा नकाशा ओळख पटल्याच्या वेळचा आणि हा न पटल्याच्या वेळचा. शिकल्यावर तो न पाहिलेल्या नकाशावर कौल देतो, आणि बऱ्यापैकी अचूक देतो. एकाच्या मेंदूवर शिकलेलं दुसऱ्याच्या मेंदूवरही चालतं. हे यश खरं आहे, त्याला नाक मुरडण्यात अर्थ नाही.

पण त्या ४०० चेहऱ्यांमध्ये माणूस चुकतोही. पाहिलेल्याला नवा म्हणतो, नव्याला ‘हा तर मघाचाच’ म्हणतो. अशा जागी संगणक कुणाच्या बाजूने उभा राहतो, हा सगळ्या प्रकरणातला कळीचा प्रश्न. तो माणसाच्या बाजूने उभा राहतो. माणसाला जे वाटलं ते तो सांगतो. वाटणं सारखं असताना चेहरा खरोखर जुना होता की नवा, हे त्याला जेमतेमच सांगता येतं. चेहरा पुरुषाचा की बाईचा एवढंच विचारलं, आठवायला सांगितलंच नाही, तर जुन्या-नव्याचा फरक जवळपास हाती लागत नाही. म्हणजे जे वाचलं जातं ते भूतकाळाने मागे ठेवलेलं निशाण नव्हे, ‘कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतंय’ हे आत्ताचं वाटणं आहे.

या तंत्राचे पाठीराखे म्हणतात, रक्ताचा नमुना चालतो, बोटांचे ठसे चालतात, मग मेंदूतल्या संकेताने काय घोडं मारलंय? तोही शरीराचाच. याचं उत्तर त्या ४०० चेहऱ्यांतच आहे. बोटाचा ठसा मालकाच्या समजुतीबरोबर बदलत नाही, हा बदलतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: छायाचित्रातले परके चेहरे कुठे आणि जगलेला दिवस कुठे! रिसमन आणि सहकाऱ्यांनी पुढे लोकांच्या अंगावर तीन आठवडे कॅमेरा लावून त्यांच्याच आयुष्यातली छायाचित्रं त्यांना दाखवली, तेव्हा कौल खरोखरच फार अचूक निघाले. पण इथे खात्रीच दांडगी होती, म्हणून ती वाचणं सोपं गेलं. खात्री दांडगी असून आठवण खोटी असू शकते, हे साक्षीदारांच्या बाबतीत कोर्टांना नवं नाही.

आणि ज्याला लपवायचंच आहे त्याचं काय? वॅग्नर यांच्याच प्रयोगशाळेतून २०१५ साली आलेल्या अभ्यासात लोकांना यंत्राला चकवायला सांगितलं होतं. ओळखीचा चेहरा आला की आठवण बाजूला सारून छायाचित्रातल्या उजेडाकडे, रेषांकडे लक्ष द्यायचं; नवा आला की तो कुणासारखा दिसतो ते आठवत बसायचं. बस्स. अचूकता नाणेफेकीवर आली.

आपल्याकडे मात्र हा वाद प्रयोगशाळेत थांबला नाही. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात दोषी ठरवताना ‘बीईओएस’ चाचणीचाही आधार घेतला. ती एमआरआयची नव्हे, डोक्याला इलेक्ट्रोड लावून करायची: आरोपीने गप्प बसायचं, गुन्ह्याची वाक्यं ‘मी’ लावून ऐकवली जायची आणि अनुभव आहे की नाही ते संगणक ठरवायचा. ५ मे २०१० रोजी ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या अशा चाचण्या सक्तीने करायला मनाई केली. त्यांतून निघतो तो ठसा नव्हे, जबाब. आणि स्वतःविरुद्ध जबाब द्यायची सक्ती राज्यघटनेच्या कलम २०(३)ला मंजूर नाही. राजीखुशीने चाचणी दिली तरी तिचा निष्कर्ष स्वतः पुरावा ठरत नाही; तिच्या आधारे पुढे काही सापडलं तर ते दाखल होऊ शकतं. संमती न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवावी लागते. चाचणी सुरू झाल्यावर आरोपी चेहऱ्याकडे पाहत होता की गालावरच्या उजेडाकडे, याची नोंद मात्र कुणाला करता येत नाही.