विमान आपोआप डावीकडे का जातं?

खाली बंगालच्या उपसागराचं पाणी, समोर चेन्नई विमानतळाची २५ क्रमांकाची धावपट्टी. चाकं खाली आली आहेत, वेग बेताचा आहे, वाऱ्याचा मागमूस नाही. टेकायला दोनच मिनिटं उरली आणि विमानानं हळूच डावा पंख खाली टाकला. सरळ करावं, तर पुन्हा डावीकडे. उजवीकडे दाबून धरावं, तर एकदम गचका. पुढच्या क्षणी सारं संपलं आणि स्वयंपाकघरातून आवाज आला, ‘पुन्हा पाडलंस ना?’

हे विमान अर्थातच कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं. माणूस दगावला नाही, पत्रा चेपला नाही. पण चिरंजीवांचा चेहरा बघवत नाही. शपथेवर सांगतात, ‘मी काही केलं नाही, ते आपोआप वळलं!’ घरातलं कुणी विश्वास ठेवत नाही. खरं तर ठेवायला हवा. दहांतल्या निदान सात वेळा पोराचं खरं असतं. दोष त्याच्या हाताचा नसून हातातल्या जॉयस्टिकचा असतो.

ही जॉयस्टिक म्हणजे विमानाच्या सुकाणूची घरगुती आवृत्ती. साधी घ्यायची तर तीन-चार हजार रुपये पडतात आणि धातूची भारी जोडणी पन्नास हजारांच्याही वर जाते. एवढे पैसे मोजताना आईवडील एकच प्रश्न विचारतात, ‘टिकेल किती?’ दुकानदार गॅरंटीची वर्षं सांगून मोकळा होतो. पण गॅरंटी आणि आयुष्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मिक्सर विकत घेणाऱ्या कुठल्याही गृहिणीला ठाऊक असतं.

प्रश्न आताच निघायला कारण आहे. मायक्रोसॉफ्टचा ‘फ्लाइट सिम्युलेटर’ हा खेळ पहिल्यांदा १९८२ साली आला. मधली काही वर्षं तो जवळजवळ निजूनच होता आणि ऑगस्ट २०२० मध्ये नव्या अवतारात उठला. तेव्हा जग घरात कोंडलेलं होतं. खरीखुरी विमानं जमिनीवर उभी होती आणि माणसं पडद्यावर उडत होती. जॉयस्टिकचा जगभर तुटवडा पडला. त्या हंगामात घराघरांत शिरलेल्या जॉयस्टिक आता कुरकुरण्याच्या वयाला आल्या आहेत.

रेडिओची खरखर आठवते?

जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करायचं बटण फिरवलं की मध्येच खर्र व्हायचं. एका जागी आवाज गायब, केसभर पुढे गेलं की एकदम मोठा. बहुतेक जॉयस्टिकच्या पोटात तोच भाग असतो. त्याला म्हणतात पोटेन्शिओमीटर, बाजारातला शब्द ‘पॉट’. कार्बनचा लेप दिलेली एक अर्धगोल पट्टी आणि तिच्यावरून घासत फिरणारी धातूची बारीक जीभ. दांडी हलली की जीभ सरकते, विजेला होणारा अडथळा कमी-जास्त होतो आणि त्यावरून कॉम्प्युटरला कळतं, दांडी कुठं आहे ते.

आयबीएमच्या १९८१च्या पहिल्या पीसीला जॉयस्टिकसाठी जे जादा कार्ड मिळायचं, त्याची युक्ती तर मोठी गमतीची होती. ते अडथळा मोजतच नसे. विजेची एक छोटीशी टाकी त्या पॉटमधून भरायची आणि भरायला किती वेळ लागला, तो मोजायचा! पुढे यूएसबी आलं आणि मोजण्याची रीत बदलली, पण घासणारी जीभ तशीच राहिली.

घासलं की झिजणार. किती? साध्या कार्बनच्या पॉटच्या माहितीपत्रकात दहा-पंधरा हजार फेऱ्यांचा आकडा सहज सापडतो. कंडक्टिव प्लास्टिकची पट्टी असली, तर तो दहा लाखांच्याही पुढे जातो. दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात, फरक उरतो तो किमतीत. जॉयस्टिक बनवणारा कुठला पॉट वापरतो, हे खोक्यावर क्वचितच छापलेलं असतं.

खरी मेख पुढेच आहे. जुन्या वाड्याची दगडी पायरी बघा. ती सगळीकडून सारखी झिजत नाही. जिथं पाऊल पडतं तिथं, मधोमध खळगा पडतो. विमान चालवणारा माणूस दांडी टोकापर्यंत कितीदा नेतो? क्वचित. बाकी सारा वेळ मध्याच्या आसपास जराशी इकडे, जराशी तिकडे. त्यामुळे पट्टी नेमकी मध्यावर झिजते. दांडी सोडली की विमानानं सरळ जायचं, त्याच जागी कॉम्प्युटरला चुकीची खबर मिळते. मग विमान आपोआप डावीकडे जातं. मारामारीच्या खेळात दांडी रागानं आपटणाऱ्या मुलाला ही खोड फारशी जाणवत नाही. शांतपणे, हलक्या हातानं विमान उतरवणाऱ्याला मात्र ती पहिल्यांदा छळते.

पिळण्याची सोय असलेल्या दांडीत हे आणखी लवकर होतं. दांडी स्वतःभोवती पिळली की विमानाचं शेपूट वळतं. त्यासाठीचा पॉट दांडीच्या आत, अडचणीच्या जागी बसवलेला असतो आणि पुष्कळदा शेजारून जाणाऱ्या वायरीही प्रत्येक पिळाबरोबर वळतात. म्हणून मोठ्या हौसेनं घेतलेलं हे ‘जादा’ बहुधा आधी कुरकुरतं.

समुद्राकाठचं दुखणं

त्यात गाव चेन्नई. बदलीवर आलेल्या मराठी कुटुंबांना इथल्या हवेची ओळख पहिल्या वर्षातच होते. बेसंट नगर किंवा तिरुवान्मियूरला समुद्राजवळ घर घ्यावं, तर वारा छान, पण खिडकीच्या गजांवर गंज चढतो आणि कुलपं अडखळायला लागतात. तोच दमट, खारा वारा जॉयस्टिकच्या फटीतून आत शिरतो. बटणांखालच्या धातूच्या टिकल्या काळवंडतात आणि पॉटच्या जिभेवर पुटं चढतात. मुंबईकरांना आणि कोकणवासीयांना हे निराळं सांगायला नको.

आणखी एक चीज अशा हवेत हमखास बिघडते. हाताला मऊ लागावा म्हणून प्लास्टिकवर रबरासारखा लेप देतात. दुकानात तो मोठा श्रीमंत वाटतो. काही वर्षांनी दमटपणानं तो विरघळू लागतो आणि दांडी गुळाच्या ढेपेसारखी चिकट होते. घरातल्यांना वाटतं, पोरानं खाऊच्या हातानं धरली. बिचारा पुन्हा निर्दोष! आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या फडक्यानं तो लेप पुसून काढता येतो. खाली साधं प्लास्टिक निघतं आणि ते जास्त टिकतं.

मग न झिजणारी जॉयस्टिक नसतेच का? असते. एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञानं १८७९ साली दाखवलं होतं, की वीज वाहत असलेल्या धातूच्या पातळ पत्र्याजवळ चुंबक आणला, तर पत्र्याच्या आडव्या दिशेनं किंचित दाब तयार होतो. दांडीला चुंबक लावायचा आणि जवळ हा ‘हॉल सेन्सर’ ठेवायचा. दोघं एकमेकांना शिवत नाहीत. घासणं नाही, म्हणून झीज नाही. थ्रस्टमास्टर कंपनीच्या ‘टी-१६०००एम’ या मॉडेलनं ही सोय मध्यमवर्गाच्या आटोक्यात आणली.

पण ‘हॉल’ हा शब्द वाचून पाकीट उघडण्याआधी थोडं थांबावं. पुष्कळ मॉडेलांत पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे हॉल असतो, पण पिळण्याला आणि वेगाच्या खटक्याला तोच जुना पॉट. शिवाय सेन्सर झिजला नाही, तरी स्प्रिंग सैलावते आणि जिच्यावर दांडी डुलते ती प्लास्टिकची वाटी घासते.

याउलट काही म्हाताऱ्या जॉयस्टिक थक्क करतात. मायक्रोसॉफ्टच्या ‘साइडवाइंडर’ मालिकेचं उत्पादन २००३ साली थांबलं. तिच्यातल्या काही मॉडेलांत दांडीची जागा प्रकाशानं ओळखण्याची सोय होती, म्हणजे तिथंही घासणं नाही. हाताला झटके देणारी त्यातली ‘फोर्स फीडबॅक २’ आजही जुन्या बाजारात शौकीन शोधत फिरतात.

ज्यांच्याकडे त्याहून जुनी, १५ टाचण्यांच्या प्लगची जॉयस्टिक आहे, त्यांची कथा निराळीच. जॉयस्टिक ठणठणीत, पण नव्या कॉम्प्युटरवर तो प्लग लावायला भोकच उरलं नाही. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टानं त्या जोडणीचा आधारच काढून टाकला. घासून मेलेल्या जॉयस्टिकइतक्याच अशा न घासता मेलेल्याही असतील! साध्या जातीच्या असतील, तर त्या यूएसबीचा अडॅप्टर लावून पुन्हा उठवता येतात.

रिची स्ट्रीटचा वैद्य

चेन्नईकरांच्या हाताशी एक मोठं औषधालय आहे. अण्णा सालईपासून आत वळलं की रिची स्ट्रीट. ही एक गल्ली नव्हेच. नरसिंगपुरम स्ट्रीट, मीरान साहिब स्ट्रीट असं ते गल्ल्यांचं जाळं आहे. मुंबईचं लॅमिंग्टन रोड पाहिलेल्यांना माहेरी आल्यासारखं वाटेल. सुटे पॉट इथं दहा-वीस रुपयांपासून मिळतात. चार हजारांची वस्तू फेकायला निघालेल्या घरानं आधी इथली पायरी चढावी.

मात्र तिथं जाऊन नुसतं ‘एक पॉट द्या’ म्हणून भागत नाही. जुना काढून बरोबर न्यावा. त्याच्यावर ‘बी १०० के’ किंवा ‘बी १० के’ असं काहीतरी छापलेलं असतं. आकडा अडथळ्याचा आणि ‘बी’ म्हणजे अडथळा सारख्या प्रमाणात वाढणारा. रेडिओच्या आवाजाचे पॉट बहुधा ‘ए’ जातीचे असतात. ते चुकून लावले, तर दांडी एका बाजूला मवाळ आणि दुसऱ्या बाजूला तापट होते. दांड्याची लांबी आणि खाचही जुळली पाहिजे. डाग द्यायला कारागीर तिथंच मिळतो.

पुष्कळदा तेवढंही करावं लागत नाही. पॉटच्या फटीत इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर मारून दांडी पन्नासेक वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवली की धूळ आणि पुटं निघून जातात. शिलाई मशीनचं तेल किंवा गंज सोडवणारा स्प्रे मात्र मारू नये. त्यावर धूळ बसते आणि प्लास्टिकला तडे जाण्याची भीती असते. वॉरंटी चालू असेल तर स्क्रू ड्रायव्हर लांबच ठेवावा.

खऱ्या विमानात हे चालत नाही, हे वेगळं सांगायला नको. १९३२च्या ऑक्टोबरात जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईला टपाल आणलं आणि नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला पोचवलं. त्यांच्या पस मॉथ विमानाची दांडी तारांनी थेट पंखांशी बांधलेली, हवेचा जोर थेट तळहातावर. आज मीनंबाक्कमला उतरणाऱ्या एअरबस ए-३२० मध्ये वैमानिकाच्या बाजूला घरच्यासारखीच एक छोटी दांडी असते आणि तीही विजेच्याच खुणा पाठवते. पण तिथं एका सेन्सरवर भिस्त नसते, कॉम्प्युटरही एकापेक्षा जास्त असतात आणि भाग दगा देईपर्यंत वाट पाहत नाहीत. वैमानिक व्हायचं म्हणून घरी जॉयस्टिक मागणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की व्यावसायिक परवान्याला लागणाऱ्या २०० तासांत पडद्यावरच्या या उड्डाणांचा एक मिनिटही धरला जात नाही.

जुनी जॉयस्टिक घेताना परीक्षा सोपी आहे. कॉम्प्युटरला जोडावी, विंडोजमध्ये ‘जॉय डॉट सीपीएल’ ही आज्ञा द्यावी. चौकोनात एक छोटी फुली दिसते. दांडी अगदी सावकाश एका टोकाकडून दुसरीकडे न्यावी. फुली उड्या मारत असेल, तर पॉट गेला. मग दांडी सोडून द्यावी आणि फुली मध्यावर येऊन थांबते का, ते बघावं. ती थरथरत राहिली, तर किमतीत घासाघीस करायला हरकत नाही, दुरुस्ती शे-दोनशेत होऊ शकते. पिळूनही बघायला विसरू नये. पावसाळ्यात, म्हणजे चेन्नईत ऑक्टोबर ते डिसेंबर, खेळून झालं की तिच्यावर जुन्या उशीचा अभ्रा घालावा आणि बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी आत सोडावी.

आणि रिची स्ट्रीटला जायचं तर शनिवारी जावं. रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात.