कुत्र्याचे पिल्लू घरी आणताय? आधी घराची तयारी करा

शाळेच्या परीक्षा संपल्या की घरोघरी मुलांचा एक हट्ट ठरलेला असतो, ‘आपण कुत्रा पाळू या ना!’ आई नाही म्हणते, आजी नाक मुरडते, पण शेवटी वडील विरघळतात आणि एका संध्याकाळी खोक्यातून पिल्लू घरी येते. मग सुरू होते धावपळ. त्याला बांधायचे कशाने, खायला द्यायचे काय, झोपवायचे कोठे? या गडबडीत मुलाच्या हाताला पिल्लाचा दात लागतो आणि ‘पिल्लूच तर आहे’ म्हणून कोणी लक्षही देत नाही.

आरोग्याच्या सदरात कुत्र्याचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. परंतु कुत्रा ही सोबत आहे, राखण आहे, तशीच ती घरातील माणसांच्या प्रकृतीशी निगडित जबाबदारीही आहे. ही तयारी पिल्लू येण्याच्या आठ दिवस आधी व्हावी, पिल्लू आल्यावर नव्हे.

प्रथम माणसांचा विचार

घरात कोणाला दमा, सततच्या शिंका किंवा अंगावर पित्त उठण्याचा त्रास असेल, तर त्या व्यक्तीने आधी कुत्रा असलेल्या ओळखीच्या घरी दोन-तीन वेळा तासभर बसून पाहावे. त्रास वाढला तर हौसेला मुरड घालणेच शहाणपणाचे. रांगते मूल घरात असेल, तर कुत्रा कोठे राहील आणि मूल कोठे खेळेल हे ठरवून ठेवावे. पाच-सहा वर्षांपर्यंतचे मूल व कुत्रा यांना कधीही एकटे सोडू नये. घरात वृद्ध असतील, तर पिल्लू पायात घोटाळून त्यांना पाडणार नाही अशी जागा निवडावी. सकाळ-संध्याकाळ फिरवणार कोण आणि गावाला गेल्यावर सांभाळणार कोण, हेही आधीच बोलून घ्यावे.

काय काय आणून ठेवावे?

यासाठी मोठा खर्च करण्याची गरज नाही. खाण्यासाठी व पाण्यासाठी जड तळाची दोन पसरट भांडी घ्यावीत. ती घरच्या भांड्यांपासून वेगळी ठेवावीत व वेगळ्या घासणीने धुवावीत. अंथरायला गोणपाट किंवा जुनी गोधडी, म्हणजे आठवड्याला धुऊन कडक उन्हात वाळवता येते. गळ्यात दोन बोटे सहज जातील असा मऊ पट्टा व मजबूत दोरी हवी. त्याशिवाय केस विंचरायला ब्रश, चावायला कडक रबराचा चेंडू, जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि विष्ठा उचलायला वेगळी केरभरणी हवी. मोरीजवळ साबणाची एक वडी कायम असावी. कुत्र्याला हात लावल्यावर, विशेषतः जेवणापूर्वी, हात धुण्याची सवय मुलांना पहिल्या दिवसापासून लावावी.

काय उचलून ठेवावे?

पिल्लू दिसेल ते तोंडात घालते. उंदराचे विष, डांबरगोळ्या, कीटकनाशके, औषधांच्या गोळ्या व विजेच्या वायरी त्याच्या तोंडाला लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. फिनेलने पुसलेली फरशी वाळेपर्यंत त्याला तेथे फिरकू देऊ नये. चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षे व बेदाणे कुत्र्याला बाधतात. ताप आला म्हणून आपल्या घरातील पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन त्याला स्वतःच्या मनाने कधीही देऊ नये.

भात, पोळी, उकडलेले अंडे, बिनमसाल्याचे शिजवलेले मांस चालते. मात्र शिजवलेल्या हाडांचे अणकुचीदार तुकडे पडून घशात वा आतड्यात रुततात. शेळ्यामेंढ्यांचे कच्चे काळीज, फुप्फुस कुत्र्याला मुळीच घालू नये. त्यातून त्याच्या पोटात एक प्रकारचा पट्टकृमी वाढतो. त्याची अंडी विष्ठेतून हातावर व हातावरून माणसाच्या पोटात गेली, तर यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याच्या मोठ्या गाठी होतात. अशा गाठींवर पुष्कळदा शस्त्रक्रिया करावी लागते.

पशुवैद्याची गाठ आधी घ्या

जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना कोठे आहे, तेथे कोणत्या लसी मिळतात याची चौकशी आधीच करावी. आईपासून पिल्लू आठ आठवड्यांच्या आत तोडू नये. साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून डिस्टेंपर व पार्व्हो या रोगांविरुद्धच्या लसी सुरू होतात. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास द्यावी लागते. पुढचे डोस पशुवैद्य सांगतील त्या तारखांना न चुकता द्यावेत. जंतांचे औषधही वेळापत्रकाप्रमाणे हवे, कारण कुत्र्याच्या जंतांची अंडी अंगणातल्या मातीतून लहान मुलांच्या पोटात जाऊ शकतात. पूर्वी घरात एखादे पिल्लू पार्व्होने दगावले असेल, तर तो विषाणू जागेत कित्येक महिने टिकतो. अशा घराने नवे पिल्लू आणण्याची घाई न करता पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. लसीचे कार्ड मुलांच्या लसीकरणाच्या कार्डाशेजारीच ठेवावे.

दात किंवा नख लागले तर

ही माहिती घरातील प्रत्येकाला पिल्लू येण्यापूर्वीच पाठ हवी. तीन महिन्यांच्या आतील पिल्लाला रेबीजची लस मिळालेली नसते. ते कोणत्या कुत्र्याच्या संपर्कात आले होते हेही आपल्याला ठाऊक नसते. रेबीजची लक्षणे एकदा सुरू झाली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. मात्र वेळीच व पूर्ण उपचार घेतले तर हा रोग टाळता येतो.

जखम लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण १५ मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना, तेल यांतले काहीही लावू नये. घट्ट पट्टी बांधू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे किंवा सरकारी रुग्णालयात जावे. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतील या भीतीने पुष्कळ लोक अजून टाळाटाळ करतात. ती जुनी लस आपल्या देशात २००५ पासून वापरात नाही. आताची लस दंडावर व ठरावीक दिवशी मोजक्या वेळा देतात. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत आणखी एक इंजेक्शन, इम्युनोग्लोब्युलिन, द्यावे लागते. ते टाळू नये. कुत्रा दहा दिवस ठणठणीत राहतो का हे पाहायचेच, पण त्यासाठी लस सुरू करण्याचे थांबवायचे नाही. आपल्या कुत्र्याला लस टोचली आहे म्हणूनही स्वस्थ बसू नये. निर्णय डॉक्टरांवर सोडावा.

यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट मुलांच्या बाबतीत आहे. ‘सांगितले तर कुत्रा घालवून देतील’ या भीतीने मुले ओरखडा लपवतात. म्हणून पिल्लू घरी आणण्याआधीच मुलांना जवळ बसवून सांगा : दात लागला, नख लागले, तर लगेच सांगायचे, तुम्हाला कोणी रागावणार नाही आणि कुत्र्यालाही कोणी घालवणार नाही. पट्टा, भांडी, गोधडी बाजारात केव्हाही मिळतील. मुलांना हा विश्वास मात्र घरातच द्यावा लागतो. तो दिला असेल, तर पिल्लू खुशाल घरी आणा.