आत्याची बोलकी वही

दोस्तांनो, तुमच्याकडे दिवाळीचा फराळ कुठून येतो? घरीच होतो? की कोपऱ्यावरच्या दुकानातून? आमच्याकडे चकल्या यायच्या त्या कऱ्हाडहून, एस.टी.ने. वसुबारसेच्या आदल्या दिवशी मोठ्या आत्याचा डबा स्टँडवर उतरवून घ्यायचा, हे माझं लहानपणापासूनचं काम. लग्न झालं, मी शाळेत बाई झाले, तरी डबा यायचा थांबला नाही.

चार वर्षांपूर्वी मात्र डबा आलाच नाही.

सुट्टीत मी लेकीला घेऊन कऱ्हाडला गेले. आत्या बाहेरच्या खोलीत बसली होती आणि तिच्या मांडीवर तिची वही होती. जाड पुठ्ठ्याची, हळदीच्या डागांची, तेलाने पारदर्शक झालेल्या पानांची. वही उघडी होती, पण आत्या ती वाचत नव्हती. नुसता पानावरून हात फिरवत होती. काचबिंदूने तिची नजर हळूहळू जात होती हे आम्हाला ठाऊक होतं. आता ती पुरती गेली होती. (काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, मुलांनो. म्हणून तर घरातल्या मोठ्यांचे डोळे वेळेवर तपासायचे असतात.)

"अगं, हात चालतात माझे," आत्या म्हणाली, "पण भाजणीचं माप दर वेळी वहीत बघूनच घ्यायचे. पाठ कधी केलंच नाही. आणि ह्यांना वाचायला सांगावं, तर ते 'ह. डा.' म्हणजे हळद डावभर असं वाचतात!"

'ह. डा.' म्हणजे हरभऱ्याची डाळ. आतोबा बिचारे हसले. पण आत्या हसली नाही. ती म्हणाली, "दर ओळीला कुणाला तरी हाक मारायची. त्यापेक्षा नकोच तो स्वयंपाक."

आमच्या त्या दिवाळीची खरी अडचण ही होती. चकली काय, विकतही मिळते.

पहिला उपाय मला सुचला तो सोपा होता. मी वही मोठ्याने वाचायची आणि मोबाइलवर रेकॉर्ड करायची. दहा पाककृती केल्यासुद्धा. पण आत्याने एक ऐकली आणि विचारलं, "जिरं किती म्हणालीस?" झालं! पुन्हा पहिल्यापासून ऐका. पुढे गेलं की मागे या, मागे आलं की भलतीकडे. वहीत नजर पटकन 'जिरे' शब्दावर जाते. रेकॉर्डिंगमध्ये तसं जाता येत नाही. आत्याला ऐकायचं होतं, पण हवं तिथे उडी मारून ऐकायचं होतं.

ब्रेल का नाही, असं तुम्ही विचाराल. शिकता आली असती, पण साठीच्या उंबरठ्यावर बोटांना नवी लिपी शिकवायला वेळ लागतो आणि दिवाळी काही थांबत नाही.

मग कळलं की आतोबांच्या जुन्या कॉम्प्युटरलाच बोलतं करता येतं. त्यासाठी एन.व्ही.डी.ए. नावाचा एक प्रोग्रॅम आहे. पडद्यावर जे असेल ते तो वाचून दाखवतो, म्हणून अशा प्रोग्रॅमला 'स्क्रीन रीडर' म्हणतात. त्याची गोष्ट मोठी छान आहे. ऑस्ट्रेलियातले मायकेल करन आणि जेम्स टेह हे दोघे अंध मुलगे लहानपणी एका संगीत शिबिरात भेटले. अंधांसाठीचे बोलके प्रोग्रॅम तेव्हा फार महाग असत. जो कॉम्प्युटर दुसऱ्यांना आहे त्या किमतीत मिळतो, तो वापरण्यासाठी आम्ही जास्तीचे पैसे का मोजायचे, हा त्यांचा सवाल होता. २००६ मध्ये मायकेलने स्वतःच असा प्रोग्रॅम लिहायला घेतला. जेम्स त्याला येऊन मिळाला. आजही तो फुकट मिळतो आणि त्यातला आवाज मराठीही बोलतो. आवाज यंत्रासारखा आहे, हे कबूल. आत्या पहिल्या दिवशी म्हणाली, "हा कोण नाकात बोलतोय?"

आता माझी फजिती ऐका. घरी परतल्यावर मी महिनाभर रोज रात्री बसून चाळीस पाककृती टाइप केल्या. शाळेच्या प्रश्नपत्रिका मी ज्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये करते, त्याच फॉन्टमध्ये. फाइल घेऊन ऐटीत कऱ्हाडला गेले, बोलका प्रोग्रॅम सुरू केला, तर काय! नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं यांची खिचडी. पडद्यावर स्वच्छ 'चकली' दिसतंय आणि कानावर भलतंच.

कारण असं, की त्या जुन्या फॉन्टमध्ये आपल्याला दिसतं 'च', पण कॉम्प्युटरच्या पोटात असतं एखादं इंग्रजी अक्षर. फॉन्टने त्यावर फक्त 'च' चा मुखवटा चढवलेला असतो. डोळ्यांना मुखवटा दिसतो, बोलक्या प्रोग्रॅमला आतलं अक्षर कळतं. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा खरा क्रमांक असतो. म्हणून ते वाचताही येतं आणि शोधताही. मी डोक्याला हात लावला. सातवीतली माझी लेक म्हणाली, "आई, मी करते परत. मला स्पीड येईल." चाळीसच्या चाळीस तिने पुन्हा टाइप केल्या. पालकहो, घरातलं जुनं लेखन टाइप करून ठेवणार असाल, तर एवढी एक गोष्ट आधी बघा.

टाइप केलेलं ठेवायचं कुठे? नुसत्या फाइलींचा ढीग म्हणजे पाठकोऱ्या कागदांचं गाठोडं. पाककृती नीट लावून ठेवणारे खास प्रोग्रॅम असतात. प्रत्येक पदार्थाचं एक कार्ड. त्यावर नाव, साहित्य, कृती, किती जणांसाठी, कुठल्या प्रकारातलं. 'उपवास' म्हटलं की उपवासाचेच पदार्थ समोर. घरात रताळी पडली आहेत? 'रताळे' शोधा, ज्या कार्डांत रताळं आहे ती सगळी हजर.

असे प्रोग्रॅम काही आजचे नाहीत. १९६९ साली अमेरिकेतल्या नीमन मार्कस या बड्या दुकानाच्या सूचीत चक्क 'स्वयंपाकघरातला कॉम्प्युटर' विकायला ठेवला होता. हनीवेल कंपनीचा. किंमत दहा हजार डॉलरांहून जास्त, वजन ४५ किलोच्या वर, आणि भाजी चिरायला फळी जोडलेली! पण त्याला ना पडदा होता, ना आपल्यासारखा कीबोर्ड. माहिती द्यायची ती खटके वर-खाली करून, आणि उत्तर यायचं ते दिव्यांच्या उघडझापीतून. तो चालवायचा तर आधी दोन आठवड्यांचा अभ्यासक्रम! तो एकाही घरात विकला गेल्याचा पुरावा नाही. नवल नाही. चांगली नजर असलेल्या माणसालाही जो वाचता येत नाही, तो कोण घेणार?

आपल्या आत्यासाठी प्रोग्रॅम निवडायचा तर परीक्षा घ्यायला हवी. ती लेकीने घेतली. मॉनिटर बंद, माऊस कपाटात, समोर फक्त कीबोर्ड आणि कानात आवाज. आता एक पाककृती शोधून दाखव! पहिला प्रोग्रॅम दिसायला फार देखणा होता. पण त्यातल्या बटणांवर नुसती चित्रं होती, त्यांना नावंच दिली नव्हती. त्यामुळे आवाज म्हणायचा, "बटन. बटन. बटन." कुठलं शोधण्याचं आणि कुठलं पुसून टाकण्याचं? दुसऱ्यात साहित्याचा क्रम बदलायचा तर माऊसने ओढूनच न्यावं लागे. तिसऱ्यात जाहिराती मधेमधे बोलायच्या. चौथा अगदी साधा, ब्राउझरमध्ये उघडणारा, ना रंग ना फोटो. तोच पास झाला! त्यात 'साहित्य' आणि 'कृती' हे खरेखुरे मथळे होते, म्हणजे नुसती मोठी ठळक अक्षरं नव्हेत. एन.व्ही.डी.ए. चालू असताना ब्राउझरमध्ये 'एच' हे बटन दाबलं की तो पुढच्या मथळ्यावर उडी मारतो. आत्याला हवी होती ती उडी हीच! लेकीने 'एच' वर एक टिकली चिकटवली, म्हणजे बोटाला लगेच सापडते. खालच्या बाणाने पुढची ओळ, वरच्या बाणाने मागची. कीबोर्डला प्लॅस्टिकची पिशवी घातली, म्हणून पिठाचा हात लागला तरी चालतो.

काही गोष्टी आम्ही चुकत चुकत शिकलो. अर्धी वाटी आकड्यात लिहिली की मधली तिरकी रेघ सेटिंगप्रमाणे कधी वाचली जाते, कधी गाळली जाते, आणि अर्ध्याचं 'एक दोन' होतं. म्हणून आम्ही 'अर्धी' असं अक्षरातच लिहितो. 'ह. डा.' ला तर बंदीच. एका ओळीत एकच कृती. आणि कुणी पाककृतीचा फोटो पाठवला, तर तो टाइप केल्याशिवाय संग्रहात घ्यायचा नाही, कारण फोटोतली अक्षरं आपोआप कार्डावर येत नाहीत.

पण सगळ्यात मोठी अडचण कॉम्प्युटरची नव्हतीच. ती होती मराठीची! वही ऐकताना आत्या एकदम म्हणाली, "थांब. 'कांदा गुलाबी होईपर्यंत परता' हे मीच लिहिलंय, पण आता मला गुलाबी कुठून दिसणार?"

आम्ही गप्प झालो. मग मोजलं. जवळजवळ प्रत्येक पाककृतीत रंग होता. गुलाबी, सोनेरी, बदामी, लालसर. आणि मग सुरू झालं खरं काम, तेही आत्याचं. ती डोळे मिटून आठवायची आणि लेक लिहून घ्यायची. बेसन भाजताना आधी उलथणं जड जातं, मग तूप सुटायला लागलं की पीठ हलकं होतं आणि खमंग वास येतो, तेव्हा गॅस बंद. मोहरीची तडतड थांबत आली की हिंग. चकली तेलात टाकली की जोरात चुरचुरते, कारण पिठातलं पाणी वाफ होऊन बुडबुड्यांनी बाहेर पडतं. चुरचुर मंदावली की पाणी संपलं, चकली तळली गेली. पुरणाचं तर आपल्या आज्यांनी आधीच करून ठेवलंय. डाव पुरणात उभा राहिला की पुरण झालं! आणि एकतारी पाक बोट आणि अंगठ्यात धरूनच बघतात. म्हणजे बघा, आपल्या स्वयंपाकघरात डोळ्यांवाचून चालणाऱ्या खुणा किती होत्या. लिहिताना आपण त्या गाळत गेलो.

मापांचीही तीच तऱ्हा. वहीत 'ओंजळभर', 'नखभर' आणि आमच्या आत्याचं लाडकं 'अंदाजे'. तिची नेहमीची वाटी आम्ही पाण्याने भरून मोजली, ती निघाली दीडशे मिलिलिटरची. मूठ तांदूळ तीन वेळा वजन करून बघितले, तर दर वेळी जवळपास तेवढेच भरले. माणसाचा हात किती पक्का असतो! पण माझी मूठ वेगळी, लेकीची वेगळी. म्हणून कार्डावर दोन्ही लिहिलं.

प्रोग्रॅममध्ये माणसं वाढवली की माप आपोआप वाढतं. पाचवीतल्यांनो, हे तुमचं त्रैराशिक. आत्याच्या भाजणीत तांदूळ चार वाट्या, हरभऱ्याची डाळ दोन, उडदाची एक, मुगाची एक, धने अर्धी वाटी आणि जिरं पाव वाटी. आम्हाला हवी होती सहा वाट्या तांदळाची. हरभऱ्याची डाळ तीन, उडीद दीड, मूग दीड, धने पाऊण. आणि जिरं? आवाज गंभीरपणे म्हणाला, "शून्य पूर्णांक तीनशे पंचाहत्तर वाटी." आत्या इतकी हसली की हातातली परात खाली ठेवावी लागली. "त्याला म्हणावं, पाव वाटीच्या जरा वर!" तिखट-मिठाचंही हिशोबाने दीडपट करत नाहीत. आधी थोडं कमी घालून चव बघतात. तळायचा वेळ तर वाढतच नाही. तेवढं कॉम्प्युटरला कळत नाही.

संग्रहाची एक प्रत आम्ही पेनड्राइव्हवर ठेवली आहे, एक माझ्याकडे. मूळ वही आत्याने मला देऊ केली होती, पण मी ती तिच्याच कपाटात ठेवायला लावली.

त्यानंतरच्या दिवाळीत आतोबा बाजारात गेले असताना आत्याने एकटीने भाजणी केली. मिठाच्या बरणीला एक रबरबँड, साखरेच्या बरणीला दोन, ही तिचीच युक्ती. तळताना मात्र आतोबांनी शेजारी उभं राहायचं, असं दोघांचं ठरलेलं. मुलांनो, तेलाजवळ तुम्हीही एकटे जाऊ नका हं.

डबा एस.टी.ने आला. वरच्या दोन-तीन चकल्या जरा जास्त लालसर होत्या. मी फोनवर आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "माहितेय मला. चुरचुर थांबल्यावरही आतोबा बोलत राहिले ना, म्हणून. लेकीला सांग, कार्डावर एक ओळ वाढव. चकली तळताना कुणी बोलायचं नाही."

लेकीने ती ओळ घातली आहे. सातवी ओळ, 'गॅस मध्यम ठेवा' च्या खाली.